शिवलेला अर्ज

हॉस्पिटलच्या तळघरात, धोबीखान्याला लागून, शिवणखोली आहे. वर आठशे खाटा. त्यातली एक खाट दाखवा, जिची चादर या खोलीतून गेली नाही! वरच्या मजल्यांवर मोठमोठे डॉक्टर, त्यांच्या दारांवर पितळी पाट्या. असू देत. पण ही खोली दोन दिवस बंद ठेवून बघा. गाऊनला नाड्या नाहीत, उशांना अभ्रे नाहीत, पेशंट उघड्या गादीवर. मग कोणाचं कोणावाचून किती अडतं ते कळेल.

खोलीत तीन मशीनं. पहिल्यावर दादा बसतो. वडील गेले तेव्हा तो सातवीत होता. शाळा सुटली आणि वडिलांचं मशीन ताब्यात आलं. आज सगळं हॉस्पिटल त्याला मास्तर म्हणतं, मेट्रनबाईसुद्धा. दुसऱ्या मशीनवर आई बसायची. आता डोळे साथ देत नाहीत, म्हणून ती झरोक्याखाली खुर्ची टाकून गाऊनमध्ये नाड्या ओवते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करते. तिसऱ्या मशीनवर धाकटी. लहानपणी ती एका जागी टिकायची नाही, मशीनखालच्या दोऱ्याच्या रिळासारखी गरगर फिरत राहायची, म्हणून दादानं तिचं नाव बॉबिन ठेवलं. शाळेच्या हजेरीत वेगळं नाव होतं, पण त्या नावानं तिला कोणी हाक मारली नाही.

ही गोष्ट बॉबिनची.

अकरा वर्षांची असल्यापासून ती शनिवारी आणि सुट्टीत खोलीत बसायची. तिचं काम चादरींचं. चादर मध्ये विरते आणि कडा धड राहतात, कारण माणूस झोपतो मध्ये. मग विरलेली चादर मधून उभी फाडायची, दोन्ही धड कडा आत आणून एकमेकींना जोडायच्या, आणि विरलेला भाग बाहेर काढून दुमडून टाकायचा. चादर आणखी दोन वर्षं चालते. ऐकायला सोपं आहे. करून बघा. शिवण जाड झाली तर ती नेमकी पेशंटच्या पाठीखाली येते. बॉबिनची शिवण डोळे मिटून हात फिरवला तरी हाताला लागत नाही. उगाच म्हणून सांगत नाही, मेट्रनबाईंनी स्वतः हात फिरवून पाहिलाय.

प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर पक्क्या शाईचा शिक्का असतो. वॉर्डाचा आकडा, आणि खाली 'हॉस्पिटलबाहेर नेऊ नये'. कितीही उकळा, जात नाही. शिक्का मारायचं काम दादाचं, तो शिक्का तो दुसऱ्याच्या हातात देत नाही. आणि बॉबिनला एक खोड होती. चादर हातात आली की ती झरोक्याच्या उजेडात धरायची आणि शिक्का न बघता वॉर्ड सांगायची.

"ही हाडांच्या वॉर्डातली."

"शिक्का बघितलास!" दादा म्हणायचा.

"नाही बघितला. कोपरा तुझ्याकडे आहे."

"मग कसं कळलं?"

"एकाच टाचेला विरलीय. दुसरा पाय प्लास्टरमध्ये असणार. सगळा जोर एका पायावर."

दादा कोपरा उलटून बघायचा. बरोबरच असायचं.

शाळा संपल्यावर ती मेडिकलच्या लेखी परीक्षेला बसली. चार हजार पोरं, ऐंशी जागा. लेखीतून दोनशेंना अर्ज भरायला बोलावलं, त्यात ती एकशे बावन्नावी. कुठली शिकवणी नाही, कोणाचा वशिला नाही. धोबीखान्याच्या वाफेनं फुगलेली जुनी पुस्तकं, त्यांच्यावर अभ्यास. दादानं ही बातमी लिफ्टवाल्याला सांगितली. लिफ्टवाल्याला सांगितलं की सात मजल्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

अर्ज चौदा पानांचा होता. लेखीचे मार्क अर्धे, बाकीचं सगळं अर्ज आणि मुलाखत. बॉबिननं तो चार दिवसांत भरला, फक्त अकरावा रकाना सोडून. त्यात लिहिलं होतं: रुग्णांसोबत केलेलं काम, किती तास, कुठे, आणि त्याचा दाखला जोडा.

"इथे काय लिहिणार?" दादानं विचारलं.

"नाही, असं लिहिणार."

"नाही? सात वर्षं हॉस्पिटलात काढलीस आणि नाही?"

"तळघरात काढली. पेशंट वर असतात."

"बाकीच्या पोरांचं बघ. एकाचा मामा डॉक्टर, एकीच्या काकाचा दवाखाना. सगळ्यांचा रकाना भरलेला असणार. रिकामा रकाना म्हणजे बटण नसलेलं काज, लांबूनच दिसतं."

"दिसू दे."

शेवटच्या दिवशी दुपारी ती फोटो आणायला गेली. फोटोवाल्यानं अर्धा तास सांगून दीड तास लावला. ती परत आली तेव्हा दादा दारातच उभा होता, अर्ज पाकिटात घालून.

"पळ. पाचला खिडकी बंद. मी सगळं नीट लावलंय."

कॉलेजच्या खिडकीपुढे तीसेक पोरांची लाईन होती. पुढच्या मुलाच्या हातात चकचकीत क्लिप लावलेली फाईल. बॉबिननं पाकिटातून अर्ज काढला. तो शिवलेला होता. डाव्या बाजूनं, गादीच्या जाड दोऱ्यानं, मशीनवर, दुहेरी टाका. एकही पान इकडचं तिकडं होणार नाही, अशी शिलाई. पुढचा मुलगा वळून बघायला लागला.

तिनं अकराव्या रकान्याचं पान उघडलं. रकाना दादाच्या अक्षरात भरलेला होता, अकराशे तास. मागे एक कागद शिवला होता: 'सदर मुलीने आमच्या हॉस्पिटलात रुग्णांसोबत अकराशे तास काम केले आहे. मुख्य, वस्त्र विभाग.' खाली दादाची सही. आणि सहीवर शिक्का. दादाकडे एकच शिक्का होता, चादरींचा. तोच त्यानं मारला होता, आकडासुद्धा न बदलता. वॉर्ड पाच, हॉस्पिटलबाहेर नेऊ नये.

तिनं अंगठ्याच्या नखानं टाका ओढून पाहिला. दादाचा टाका. नखानं हलतो होय! टाके उसवायचा कटर खोलीत राहिला होता. ओढलं असतं तर सगळा अर्ज फाटला असता. भिंतीवरच्या घड्याळात पाचला पंचवीस मिनिटं कमी होती. खोलीवर जाऊन यायला एक तास लागतो.

खिडकीतल्या क्लार्कनं अर्ज हातात घेतला, उलटला, मग तिच्याकडे पाहिलं.

"हे काय, शिवलंय?"

"हो."

"चांगलं शिवलंय." त्यानं पानं चाळली, शिक्क्यापाशी थांबला. "बाहेर नेऊ नये लिहिलंय, आणि तुम्ही तर बाहेर आणलंत."

मागची पोरं हसली. त्यानं अर्ज गठ्ठ्यावर ठेवला. पोच फाडली, तिच्या हातात दिली आणि पुढच्याला बोलावलं.

घरी दादानं विचारलं, "दिलास?"

"दिला."

"काही म्हणाले?"

"चांगलं शिवलंय म्हणाले."

दादानं हे लिफ्टवाल्याला सांगितलं.

मुलाखत सहा आठवड्यांनी होती. तेवढ्या दिवसांत दोघं त्या कागदाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. दादाला वाटलं, तिनं बघितलाच नाही. तिला वाटलं, त्याला माहीत आहे की तिनं बघितलाय. शनिवारी खोलीत सराव चालायचा. दादा कापायच्या टेबलामागे बसायचा, गळ्यात टेप, एका बाजूला आई, आणि अध्यक्ष म्हणून लिफ्टवाला, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत.

"डॉक्टर का व्हायचंय?" लिफ्टवाला विचारायचा. तो हाच प्रश्न विचारायचा, कारण दुसरा त्याला सुचायचा नाही.

"अरे, तिला रक्त बघून चक्कर येते का ते विचार," आई म्हणायची.

"आई, रक्ताच्या चादरी मीच धुवायला पाठवते."

"धुतलेलं रक्त वेगळं आणि वाहतं वेगळं."

"आईचा प्रश्न चांगला आहे," दादा म्हणायचा. "यावर तयारी कर."

अकराव्या रकान्याचा प्रश्न कोणी विचारला नाही. त्या टेबलामागे बसलेल्यांपैकी एकालाच तो माहीत होता, आणि तो टेप गुंडाळत बसायचा.

मुलाखतीच्या खोलीत लांब टेबल होतं, त्यामागे तिघं. मध्ये टक्कल असलेले सर्जन, डावीकडे साखळीचा चष्मा गळ्यात अडकवलेल्या डॉक्टरीणबाई, उजवीकडे लिहून घेणारा ऑफिसचा माणूस. सर्जनसाहेबांपुढे शिवलेला अर्ज होता. तो सरळ उघडा राहत नव्हता, म्हणून त्यांनी त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला होता.

"अकराशे तास," ते म्हणाले. "आतापर्यंत सगळ्यात जास्त तुमचे. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांनीसुद्धा एवढे पेशंट पाहिले नसतील. काय काम केलंत?"

बॉबिनला वाटेत पाठ केलेलं एक उत्तर येत होतं. लांबलचक, कुठेही खोटं नसलेलं आणि कुठेही खरं नसलेलं. हो म्हटलं तर जागा जवळ होती. ते उत्तर तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"पेशंट एकही पाहिला नाही," ती म्हणाली. "तो कागद खोटा आहे."

लिहिणाऱ्याचं पेन थांबलं.

"कोणी लिहिला?"

"माझ्या भावानं. तो हॉस्पिटलात शिंपी आहे. मीही तिथेच चादरी जोडते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लाईनमध्ये उभी असताना कळलं. पान काढता येत नव्हतं, आणि खिडकी बंद व्हायला पंचवीस मिनिटं होती. मी तसाच दिला."

"म्हणजे माहीत असून दिलात."

"हो."

सर्जनसाहेबांनी ग्लास उचलला. अर्ज आपोआप मिटला. त्यांच्याकडून विषय संपला होता. बाईंनी चष्मा नाकावर चढवला.

"चादरी जोडता म्हणजे काय करता?"

बॉबिननं सांगितलं. फाडायचं कसं, जोडायचं कसं. हाडांच्या वॉर्डात एक टाच विरते. बाळंतिणींच्या वॉर्डात मध्ये काही होत नाही, दोन्ही कडा हात पोचतात तिथे मुठीत पिळल्यासारख्या होतात, धागे सुटतात. लहान मुलांच्या वॉर्डात कोपरे चावलेले असतात. आणि वॉर्ड पाच, जिथे म्हातारी माणसं महिनोन् महिने पडून असतात, तिथे कंबरेच्या खाली एक बशीएवढा गोल विरतो, आणि त्यावर पडून पडून झालेल्या जखमेच्या पिवळ्या मलमाचा डाग.

"जोडलेल्या चादरीत आमची शिवण नेमकी त्याच जागेवरून जायची," ती म्हणाली. "मी भावाला म्हटलं, शिवण वीतभर बाजूला घेऊ या. तो म्हणाला, चादर वाकडी दिसेल. आठ दिवस भांडलो. मग त्यानं ऐकलं. आता वॉर्ड पाचच्या चादरींची शिवण बाजूला असते."

"मग? पेशंटना फरक पडला?"

"ते मला माहीत नाही."

"अंदाज?"

"मी वॉर्डात कधी गेले नाही. डाग कमी झाले एवढं दिसलं. त्याच महिन्यात मलम बदललं असेल तर ते मला तळघरात कसं कळणार?"

सर्जनसाहेब बाईंकडे बघायला लागले. बाई अर्जावरच्या टाक्यांकडे बघत होत्या. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. मग बाई म्हणाल्या, "शनिवारी बाराच्या आत खरा दाखला आणा. ज्यानं खोटा लिहिला त्यानंच लिहायचा, आणि वर जबाबदार माणसाची सही. तोपर्यंत आम्ही काही ठरवत नाही. नाही आला तर नाव कापलं."

शिवणखोलीत दादा वाट बघत होता. लिफ्टवालाही होता, लिफ्ट कुठल्यातरी मजल्यावर सोडून आलेला. बॉबिननं सगळं सांगितलं. लिफ्टवाल्यानं टोपी घातली आणि तो निघून गेला.

"त्यांना कळलं होतं का?" दादानं विचारलं.

"नाही."

"मग स्वतःच्या तोंडानं सांगितलंस? अगं, हो म्हणायचं! अकराशे कमीच लिहिले होते मी. खरे धरले तर दोन हजारांच्या वर जातात."

"कसले तास, दादा? कुठल्या पेशंटचा हात धरला मी?"

"चादर कोणाची असते? पेशंटचीच ना?"

"मग तसं लिहायचं होतंस. चादरी लिहायचं होतं." ती टेबलापाशी उभीच होती. "जगाला सांगत फिरतोस, आमच्यावाचून हॉस्पिटल उघडं पडेल म्हणून. लिफ्टवाल्याला, वॉर्डबॉयला, पोस्टमनला. आणि कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा शिवण हा शब्दसुद्धा लिहिला नाहीस. वस्त्र विभाग! कधी ऐकला होतास तू वस्त्र विभाग?"

दादानं मशीनवर पाय ठेवला आणि पायडल मारायला लागला. सुईखाली कापड नव्हतं. मशीन थोडा वेळ नुसतंच चाललं.

"लोक हसले असते," तो म्हणाला.

"शिवलेल्या अर्जाला हसलेच. मी मेले का?"

आईनं नाडी ओवायची थांबवली. "ती सुई मोडेल," ती म्हणाली. "आणि कागद काढ. शनिवार परवाच आहे."

दादाचं अक्षर मोठं आणि वाकडं आहे. त्यानं आधी कापायच्या खाकी कागदावर खडूनं लिहून पाहिलं, मग पेन्सिलनं. सहा वेळा लिहिलं. पहिल्या दोन वेळा 'वस्त्र विभाग' परत आला आणि बॉबिननं तो खोडला. शेवटी जे झालं ते असं:

'ही माझी बहीण. अकरा वर्षांची असल्यापासून हॉस्पिटलच्या शिवणखोलीत काम करते. पेशंट एकही पाहिला नाही. पेशंटच्या चादरी जोडल्या, अंदाजे नऊ हजार. आधीचा कागद मी तिला न विचारता लिहिला, तो खोटा होता. तिनं जोडलेली एकही चादर शिवणीवर उसवून परत आलेली नाही, हे मी हॉस्पिटलचा शिंपी म्हणून सांगतो.'

"शेवटची ओळ कशाला?" बॉबिन म्हणाली.

"खरं लिही म्हणालीस ना? हे खरं आहे. राहू दे."

राहिली.

मेट्रनबाईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. दादा जिन्यानं गेला. बाईंनी कागद दोनदा वाचला, सही केली आणि त्यांचा गोल शिक्का मारला. तो कागदाचा शिक्का होता, कपड्याचा नाही.

"मास्तर, आधीच माझ्याकडे का नाही आलात?"

"आधी हे लिहायचं सुचलं नव्हतं, बाई."

शनिवारी साडेदहाला बॉबिन त्याच खिडकीपुढे उभी होती. क्लार्कनं तिला ओळखलं, म्हणजे अर्जाला ओळखलं. जुना दाखला काढून नवा लावायचा होता, पण तो निघता निघत नव्हता. क्लार्कनं ओढून बघितलं, मग कात्री शोधायला लागला.

"द्या इकडे," ती म्हणाली. या वेळी कटर खिशात होता.

तिनं अर्ज खिडकीच्या फळीवर ठेवला आणि टाके उसवायला घेतले. दुहेरी शिलाई, एक्केचाळीस टाके. मागे लाईन वाढत होती, कोणीतरी घड्याळ बघत होतं. तिनं एकेक टाका उचलून कापला, दोरा दोन्ही बाजूंनी ओढून काढला, तो एक कागद बाहेर घेतला आणि बाकीची पानं तशीच्या तशी ठेवली. एकाही पानाची कड फाटली नाही. क्लार्कनं नवा दाखला मध्ये घातला आणि वर स्वतःची टाचणी लावली. उसवलेला दोरा तिनं बोटाला गुंडाळून परत नेला. गादीचा दोरा वाया घालवत नाहीत.

यादी तीन आठवड्यांनी लागली, कॉलेजच्या फाटकाच्या आत, काचेमागे. दादा तिच्याबरोबर गेला होता. पुढे गर्दी होती. तो गुडघ्यांवर बसला आणि खालून वाचायला लागला. ऐंशी. एकोणऐंशी. अठ्ठ्याहत्तर.

"आहे," तो म्हणाला.

"नीट बघ. नाव वाच."

त्यानं हजेरीतलं नाव वाचलं. तिचंच होतं. अठ्ठ्याहत्तरावी. चार हजारांत अठ्ठ्याहत्तरावी म्हणजे काय, हे ज्याला हिशोब येतो त्यानं करावं. शेजारचा एक बाप म्हणाला, "शेवटून तिसरी का?" दादा उभा राहिला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "वरून वाचा." एवढंच म्हणाला. तिथून हॉस्पिटलपर्यंत मात्र वाटेत भेटलेल्या एकालाही त्यानं सोडलं नाही.

पुढच्या वर्षी लिफ्टवाल्याच्या पुतणीनं तोच अर्ज आणला. लिफ्टवाला तो घेऊन खाली आला, त्याला दादाला काहीतरी दाखवायचं होतं. पहिल्या पानावर सूचना छापल्या होत्या. आधी आठ असायच्या, आता नऊ होत्या. नववी अशी: 'कागद टाचणीने जोडावेत. शिवू नयेत.'

दादानं ते पान उतरवून घेतलं, त्याच मोठ्या वाकड्या अक्षरात, आणि मशीनवरच्या भिंतीला चिकटवलं. एवढ्या जुन्या कॉलेजला नवा नियम करावा लागला, आणि तो एका शिंप्यामुळे. दुसऱ्या कोणाच्या घरात झालंय हे?

शनिवारी बॉबिन आली, सवयीनं तिसऱ्या मशीनवर बसली. भिंतीवरचा कागद तिनं वाचला.

"हा मिरवायचा कागद आहे?"

"का नाही?"

तिनं वरची चादर उचलली, झरोक्याकडे धरली. "लहान मुलांचा वॉर्ड." दादानं कोपरा उलटून बघितला आणि मान हलवली.

"आता तरी पाहिलास का पेशंट?" आईनं विचारलं.

"अजून नाही. पहिल्या वर्षी दाखवत नाहीत. नुसती पुस्तकं आणि हाडं."

हे मात्र दादानं लिफ्टवाल्याला सांगितलं नाही.